कोणतं बोरगाव?

अहो, आरशावर तुमचं पांढरं उपरणं टाकलंय. बेनूभाऊजींनी परदेशातून, दिमोन्याहून फोनवर सगळं समजावून सांगितलं आणि मी तसंच केलं. आरसे झाकायचे. आठवडाभर खाली बसायचं. चूल पेटवायची नाही, लोक आणून देतील ते खायचं. भेटायला आलेल्यानं आधी बोलायचं नाही, घरचं माणूस बोललं तरच बोलायचं. हे शेवटचं दारव्ह्यात कुणाला माहीत असणार! लोक दारातूनच ‘काय झालतं हो साहेबाइले?’ असं विचारत आत यायचे आणि मी सांगत राहायची. नियम मोडला म्हणून तुम्ही काही रागावला नसता. तुमच्या धर्माचे निम्मे नियम आपण या गावात असेच, जमतील तसे पाळले.

आता आठवडा होऊन गेला. येणारे थांबले. आरशावरचं उपरणं काढायला हवं, पण काढलं की आरशात मी एकटीच दिसेन, म्हणून अजून राहू दिलंय.

गावच्या पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. ‘एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक रूबेन बोरगावकर यांचे निधन.’ त्याखाली छापलंय, ‘ते मूळचे बोरगाव येथील होते.’ वाचून तुम्ही हसला असता, नाहीतर चिडला असता. दोन्हीचा भरवसा नव्हता. मला मात्र त्या लिहिणाऱ्याला गाठून विचारावंसं वाटलं, बाबा रे, कोणतं बोरगाव?

हा प्रश्न आपल्या लग्नाच्याही आधीचा. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नवी लागले होते. रोज दारव्ह्याच्या स्टँडवर उभी राहायची आणि भोंग्यातून तुमचा आवाज यायचा. गावांची नावं तुम्ही अशी घ्यायचात, जणू प्रत्येक गावात तुमचं कुणी राहतं. पुढं ओळख झाली, बोलणं झालं, आणि एक दिवस मी तांड्यावर जाऊन बाला सांगून टाकलं.

“पोरगा कोनाचा?” बानं विचारलं.

“बोरगावकर.”

“म्हंजे बोरगावचा. पाहून येतो.”

यवतमाळ जिल्ह्यात बोरगावांना काय तोटा! बा सायकलवर बसून जवळच्या बोरगावला गेला. पाटलापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना विचारून आला. तिथं या नावाचं घर नव्हतं. मग घाटंजीकडच्या बोरगावला गेला. मग कुणीतरी आणखी एक सांगितलं, तिथंही गेला. परत आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

“पोरगा लबाड हाय. साऱ्या बोरगावाइत हिंडलो. कोनी वयखत नाही त्याले. ज्याले गाव नाही त्याले पोरगी कायले द्यायची?”

आज आठवलं की हसू येतं. आम्ही लमाण. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. माझ्या पणजोबाला विचारलं असतं गाव कोणतं, तर त्यानं रात्रीच्या मुक्कामाचं नाव सांगितलं असतं. तांडा एका जागी बसल्याला फार पिढ्या झालेल्या नाहीत. आणि माझा बा म्हणत होता, गाव नसलेल्याला मुलगी द्यायची नाही.

मग तुम्ही स्वतः आलात. इस्त्रीचा शर्ट घालून लिंबाखाली बाजेवर बसलात. बानं मुद्दाम आमच्या बोलीत विचारलं, “तारो गाम कुणसो?” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, तुमचं गाव कोणतं म्हणतायत.

“ते बोरगाव इकडचं नाही,” तुम्ही म्हणालात. “समुद्राकडचं आहे. अलिबागेच्या पुढं कुठंतरी. मी पाहिलेलं नाही. माझ्या वडिलांनीही पाहिलं नव्हतं.”

“मंग नाव कायले लावता त्याचं?”

तुम्ही म्हणालात, “दुसरं नाही म्हणून.”

बाला ते उत्तर आवडलं असावं, कारण त्यानं चिलीम बाजूला ठेवली. जात विचारली. तुम्ही म्हणालात, यहुदी. बानं हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. मग तुम्ही तुमच्या आजोबांकडून ऐकलेलं सगळं सांगितलंत. फार पूर्वी लांबच्या मुलखातून एक जहाज आलं आणि कोकणच्या किनाऱ्याला फुटलं. जे वाचले ते तिथंच राहिले, खेड्याखेड्यांत पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. भाषा विसरले, पोथी विसरले, पण शनिवारी काम करायचं नाही एवढं विसरले नाहीत. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे.

“शनवारी घाना बंद?”

“बंद.”

“मंग बैल?”

“बैल उभा. त्यालाही जुंपायचं नाही.”

“बैलाले सुटी देत व्हय?” बा म्हणाला. “हे बरं हाय.”

आपलं लग्न त्या बैलामुळं झालं, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. पण त्याच दिवशी ते मोडता मोडता राहिलं. याडीनं, माझ्या आईनं, पाहुण्यासाठी सळोई केली होती. बोकडाच्या रक्ताची ती भाजी म्हणजे आमच्याकडचा मानाचा पदार्थ. तुम्ही ताट पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि हात जोडून म्हणालात, “आई, रक्त आम्हाला चालत नाही. देवाची मनाई आहे.” याडीचं तोंड उतरलं. ती आत गेली आणि पिठलं घोटून घेऊन आली. पुढं ती वारेपर्यंत तुमच्यासाठी वेगळं भांडं ठेवायची. मला तिनं कधी वेगळं भांडं ठेवलं नाही, असं मी चिडवायची तेव्हा म्हणायची, “तुयं काय, तू घरचीच हायस.”

लग्न कोर्टात झालं. सही करताना मी ‘कमल राठोड’ लिहिलं आणि बाहेर आले ती कमल बोरगावकर होऊन. जे गाव मी पाहिलं नव्हतं, तुम्ही पाहिलं नव्हतं, त्याचं नाव लावून मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, “वा, आमच्या मामाचं गाव बोरगाव. तुम्ही कोणत्या घरच्या?”

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून वात लावायचात. त्या दिव्यापुढं बसलो की तुमच्या घराण्याच्या गोष्टी निघायच्या. तुमचे पणजोबा मुसाजी सुतारकाम करायला गाव सोडून मुंबईला गेले. कामावर नाव घालायला उभे राहिले तेव्हा तिथं आणखी मुसाजी होते. कुठला मुसाजी, म्हणून साहेबानं विचारलं. बोरगावचा, ते म्हणाले. झालं आडनाव. त्यांचा मुलगा, म्हणजे तुमचे आजोबा, लहान गाडीचे रूळ पडल्यावर रेल्वेचे मिस्त्री म्हणून दारव्ह्याला आले आणि इथलेच झाले. वडील स्टेशनात लागले, तुम्ही एसटीत. रूळ आता गवतात गेले. गाडी कधीची बंद झाली.

एकदा त्या दिव्यापुढंच मी म्हटलं होतं, “म्हणजे गावात होते तोवर तुमच्यात कुणी बोरगावकर नव्हतंच. गावात राहणाऱ्याला कशाला लागतं गावाचं नाव? गाव सुटलं आणि मग ‘कर’ लागला.”

तुम्ही वात सारखी केलीत. “आणि तुमचं राठोड?” तुम्ही विचारलंत.

“आमचं गाव नव्हतंच तर सुटणार कुठून? राठोड इथंही राठोड, तेलंगणात गेला तरी राठोड.”

“मग तूच बरी,” तुम्ही म्हणालात. माझ्या बोलण्यात चेष्टा होती. तुमच्यात नव्हती, हे मला आत्ता आत्ता कळतंय.

आपल्याला मूल झालं नाही. त्यावर आपण कधी फार बोललो नाही. तुम्ही बेनूभाऊजींच्या पोरांना खांद्यावर घेऊन स्टँडभर फिरवायचात. मग भाऊजींनी दिमोन्याला, यहुद्यांच्या देशात जायचं ठरवलं. त्यांच्या बायकोचं माहेर आधीच तिकडं गेलेलं होतं. तुम्हीही चला म्हणून ते मागं लागले. लोक म्हणाले, कमलमुळं रूबेन अडकला, ती यहुदी नाही ना. तुम्ही मला खोलीत बोलावून सांगितलंत, “हे मनात घेऊ नको. तू असतीस यहुदी, तरी मी गेलो नसतो. तिकडं जाऊन मी कोणत्या गावांची नावं पुकारणार?”

भाऊजी गेले त्या वर्षापासून दरफाळणीच्या सणाला आपण दोघंच उरलो. पांढरे कपडे घालून, दार लावून, दिवसभर उपाशी. तुम्ही पुस्तकातून म्हणायचात आणि मी जे पाठ झालं होतं तेवढं पुटपुटायची. गल्लीला ठाऊक होतं. त्या दिवशी दूधवालासुद्धा कडी वाजवत नसे. संध्याकाळी दार उघडलं की तुमचे जुने दोस्त हनीफभाई पायरीवर खजूर घेऊन बसलेले असायचे. गॅरेज बंद करून यायचे. “उपास सुटला ना भाभी? चला, मंग चहा करा.” तुमच्या डेपोतल्या नोकरीत शुक्रवारची दुपार तिथंच कामाला असलेल्या त्यांच्या भावाची आणि शनिवार तुमचा, अशी अदलाबदलही त्यांनीच तुम्हा दोघांत लावून दिली होती.

तुम्ही चिडलेले मी फार वेळा पाहिलं नाही. एकदा पाहिलं ते भाऊजींच्या मुलाचा फोन आला तेव्हा. त्यानं आडनाव बदललं होतं. तिकडच्या भाषेत ‘बोर’ म्हणजे खड्डा. शाळेत, सैन्यात पोरं चिडवायची. मग त्यानं आईला विचारलं, मराठीत बोर म्हणजे काय? तिनं फळ सांगितलं. त्या फळाला तिकडं शेझाफ म्हणतात. त्यानं तेच आडनाव घेतलं. मोठ्या आनंदानं सांगत होता, “काका, अर्थ तोच आहे!”

तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि अंगणात जाऊन उभे राहिलात. मी बाहेर आले तेव्हा म्हणालात, “बोर ठेवलं आणि गाव टाकलं.”

“पोरगा आहे तो. चिडवत होते त्याला.”

“मला नव्हते चिडवत? बोरं विकतो का म्हणायचे. मी बदललं?”

पुढं कितीतरी दिवस तुम्ही भाऊजींचा फोन घेतला नाही. मी घ्यायची आणि तुम्ही स्टँडवर गेलात म्हणून सांगायची. तुम्ही समोरच बसलेले असायचात.

त्या रागातूनच कोकणात जायचं निघालं असावं. तुम्ही निवृत्त झालात, मग मीही झाले, आणि तुम्ही म्हणालात, आता आपलं बोरगाव पाहून येऊ. आयुष्यभर दुसऱ्यांना गाड्या दाखवणारा माणूस गाडीत बसल्यावर लहान मुलासारखा खिडकीशी सरकला. पनवेल सोडल्यावर तुम्ही माझा हात धरलात तो उतरेपर्यंत सोडला नाही. हवा खारट झाली तेव्हा म्हणालात, “वास येतोय का? आपल्या घरचा वास.” मला सुकटीचा वास येत होता. मी हो म्हटलं.

गाव लहान होतं. माडाच्या बागा, मधे गुळगुळीत रस्ता, नवे बंगले. दुकानाशी एक माणूस उभा होता. त्यानं विचारलं, कुणाकडे आलात?

“कुणाकडे नाही. हे आमचं गाव,” तुम्ही म्हणालात. “मी बोरगावकर.”

तो मोकळेपणानं हसला. “इथं सगळेच बोरगावचे. बोरगावकर कुणीच नाही.”

तुम्हीही हसलात. मग तेलाचे घाणे, शनिवार, तुमचे पणजोबा असं सांगू लागलात आणि त्याचं हसू कमी कमी होत गेलं. “सातबारा काढायला आलात का?” त्यानं विचारलं. “हल्ली फार येतात. जमिनींना भाव आलाय ना.”

“नाही हो. मला काही नको. नुसतं बघायचंय.”

“बघून काय करणार?”

तो वाईट माणूस नव्हता. खरंच विचारत होता. तुम्ही रुमालानं कपाळ पुसलंत. मग मला म्हणालात, “चल,” आणि वळून सडकेकडे चालू लागलात. इतक्या लांबून येऊन आपण त्या गावात एक चहा पिण्याइतकेही थांबलो नाही.

इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही.

मी तुमच्या मागं निघाले तेव्हा एका घराच्या पडवीतून म्हातारीनं हाक मारली. “ओ बाय, उन्हाची कुठं पळतेस? पानी तरी पी.” तुम्ही बरेच पुढं गेला होतात. मी पाणी प्यायले. तिनं विचारलं तसं सांगितलं. “शनवार तेली व्हय?” ती म्हणाली. “हाईत ना, म्हंजे होते. हितंच घरं होती त्यांची. ये.” तिनं मला मागच्या दारी नेलं. विहिरीशी एक मोठा वाटोळा दगड होता, मधे खोलगट झिजलेला. त्या खळग्यात साचलेलं पाणी एक कोंबडी पीत होती.

“ह्यो त्यांच्या घाण्याचा. आता धुनं आपटतो.”

मी कोंबडीला हाकललं आणि खळग्यात हात घातला. आतून इतका गुळगुळीत होता की बोटाला तेल लागेल असं उगाच वाटलं. म्हातारी सांगत होती, “माझ्या आजेसासूला सांगून गेले म्हनं. घराकडे ध्यान ठेव, आम्ही येतो. ती मरेपर्यंत ध्यान ठेवून होती. मग सासू म्हनायची, कवर ठेवायचं ध्यान? घरं पडली. दगड तेवढा राहिला.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मंग आलात म्हनायचे.”

अहो, मी राठोडाची मुलगी. माझं तिथं कुणी नव्हतं. पण मी म्हटलं, “हो. आलो.”

तिनं माझ्या ओच्यात नारळ घातला. तो मी पिशवीत ठेवला. गाडीत बसल्यावर मी बोलायला लागले, “अहो, तिथं मागच्या दारी...” आणि तुम्ही म्हणालात, “कमल, हा विषय पुन्हा काढायचा नाही.” मी थांबले. तो नारळ आपण घरी येऊन प्रसादाच्या मलिद्यात खवून घातला, गुळात, पोह्यांत. नारळ कुठला, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही संदेष्ट्या एलियाहूचं नाव घेतलंत आणि मूठभर मलिदा तोंडात टाकून म्हणालात, नारळ गोड निघाला.

मी पुढंही एकदा सांगायला गेले होते. तुम्ही उठून गेलात. मग म्हटलं, राहू दे, होईल कधीतरी. माणूस समोर बसलेला असतो तेव्हा ‘कधीतरी’ म्हणजे उद्याच वाटतं.

विषय बंद म्हणालात, पण परतीच्या वाटेवर तुम्हीच दुसरा काढलात. दारव्हा जवळ आलं होतं. “मी आडनाव बदलतो,” तुम्ही म्हणालात. “दारव्हेकर. माझे आजोबा इथं आले, वडील इथं मेले, मी इथं जन्मलो. ते बोरगाव मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. खोटं नाव कशाला मिरवायचं?”

“तुम्ही बदला,” मी म्हटलं. “मी नाही बदलणार.”

“नवरा दारव्हेकर आणि बायको बोरगावकर?”

“असू दे. माझ्या बानं या नावासाठी सायकलवर सारी बोरगावं पालथी घातली. मी ते मागून घेतलंय. तुम्हाला जन्मानं मिळालं म्हणून तुम्हाला टाकता येतं.”

शेजारचा माणूस वळून पाहू लागला म्हणून आपण गप्प बसलो. ते भांडण तिथंच राहिलं. घरी आल्यावर तुम्ही वकिलाकडे चौकशीही करून आलात. पण बदललं नाहीत. मी विचारलं की म्हणायचात, “बघू.” माझ्यासाठी थांबलात, की भाच्यापुतण्यांपुढं कमी दिसू नये म्हणून, की त्या गावावर तुमचा राग होता तो राग म्हणजेच जीव होता? मला वाटतं तिसरं. पण तुम्ही सांगितलं नाहीत, आणि आता मी काहीही समजले तरी ‘तसं नाही गं’ म्हणायला तुम्ही नाही.

त्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीसारखे स्टँडवर चहा प्यायला गेलात आणि हनीफभाई तुम्हाला रिक्षातून घरी घेऊन आले. त्यांनीच तुमचे डोळे मिटले होते. मला काही सुचेना. मसणवाटा तुमचा नाही, कबरस्तानही तुमचं नाही. तुमचे आजोबा आणि वडील गावाबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या कोपऱ्यात आहेत, एवढंच माहीत. तिथल्या पाद्रीबाबांनी लगेच होकार दिला. हनीफभाई म्हणाले, “भाभी, तुमी फिकर नका करू. आंघोळ आमी घालतो. तुमच्यात बी सफेद कपडाच ना? मले मालूम हाय, त्याईच्या अब्बाच्या टाइमाले मी होतो.” त्यांनी आणि त्यांच्या भावानं तुम्हाला न्हाऊ घातलं. इतक्या हलक्या हातानं, जणू तुम्ही झोपेत आहात.

बेनूभाऊजी फोनवर रडत होते. प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात, दारव्ह्यात एकही नाही. ते म्हणाले, वहिनी, थांबा. आणि तिकडं त्यांनी शेजारपाजारची दहा माणसं घरात गोळा केली. खड्ड्याशी हनीफभाईंनी फोन हात उंच करून धरला, कारण त्या कोपऱ्यात रेंज येत नाही. आवाज तुटत होता, पुन्हा येत होता. डेपोतले लोक टोप्या काढून उभे होते. माझा भाऊ गणपत तांड्यावरून पंधरावीस माणसं घेऊन आला होता. कुणाला एक शब्द कळत नव्हता. शेवटी तिकडून ‘आमेन’ आलं आणि इकडून हनीफभाईंच्या लोकांच्या तोंडून आपोआप ‘आमीन’ निघालं.

त्या प्रार्थनेत तुमचं नाव आलं. रूबेन, आयझॅकचा मुलगा. एवढंच. भाऊजींना मी नंतर विचारलं, आडनाव नाही घेत? ते म्हणाले, नाही वहिनी, देवापुढं बापाचं नाव चालतं. म्हणजे ज्याच्यावरून तुम्ही भावाशी अबोला धरलात, माझ्याशी भांडलात, ज्याच्यासाठी इतका प्रवास करून कपाळ पुसत परत आलात, ते वर लागतच नाही. ते खालीच राहतं, मागं राहिलेल्याकडं.

माझ्याकडं राहिलंय. हिंदुस्थानात तुमच्या घराण्याचं हे नाव लावणारी आता मीच. मी मेले की संपलं.

गणपत परवा पुन्हा आला. आल्या आल्या त्याची नजर उपरणं टाकलेल्या आरशाकडे गेली. चहा झाल्यावर म्हणाला, “बाई, चाल तांड्यावर. इथं आता कोन हाय तुयं? आपल्यातली मान्सं हायेत तिथं, सुना हायेत. एकटी काहून राह्यतं?”

त्याचं काही चुकीचं नाही. संध्याकाळ झाली की या घरात भिंतीवरची पाल चुकचुकते तेवढाच आवाज असतो. शुक्रवारी मी दिवा लावला, पाणी घातलं, तेल घातलं, आणि मग कळेना की पुढं काय. तुम्ही म्हणायचात तो आशीर्वाद घरच्या बाईसाठी असतो, म्हणायचा असतो नवऱ्यानं. तो मला शब्दन् शब्द पाठ आहे, पण स्वतःचा स्वतःला कसा म्हणायचा? मी नुसती बसले. वात विझेपर्यंत बसले.

गणपतला म्हटलं, “येईन रे. राहायला येईन चार दिवस. पण घर नाही सोडणार.”

“कायले?”

“लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं,” मी म्हटलं. तो समजल्यासारखा मान हलवून गेला.

आणि काल यवतमाळला जाऊन आले. डोळ्यांच्या दवाखान्यात. नंबर तुम्हीच लावून ठेवला होता, माझ्या मोतीबिंदूसाठी. जाऊ नये असं वाटत होतं. पण तुम्ही ठरवलेली ती शेवटची गोष्ट, म्हणून गेले. एसटीत खिडकीची जागा मिळाली. दवाखान्यात बसायला जागा नव्हती इतकी गर्दी. खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं, हिरवे चष्मे, सोबतीला पोरी, सुना. एका बाईनं सरकून मला बाकावर जागा दिली. “सोबत कोनी नाही का?” तिनं विचारलं. मी मान हलवली.

बऱ्याच वेळानं आतल्या दारात एक नर्स आली आणि तिनं पुकारलं, “बोरगावकर!”

मी बसून राहिले. अशा ठिकाणी नेहमी तुम्हीच ‘हो’ म्हणत उठायचात, पिशवी खांद्याला लावायचात आणि मग मी उठायची. कान तुमच्या आवाजाची वाट पाहत होते. कुणी हो म्हटलं नाही. नर्सनं हातातला कागद पाहिला, पुन्हा पुकारलं. शेजारची बाई इकडंतिकडं पाहू लागली.

“बोरगावकर कोण आहे? नाही का कुणी?”

ती पुढचं नाव घेणार, एवढ्यात मी उठून उभी राहिले.

“आहे,” मी म्हटलं. “मी आहे.”